नवी मोटार बंद पडली तर

नवी मोटार दारात आली म्हणजे घरात सणासारखे वाटते. बायका ओवाळतात. चाकाखाली लिंबू ठेवतात. पुढे नारळ फोडतात. आळीतली मंडळी पेढा खाऊन जातात. हे सगळे योग्यच आहे. मोटार ही काही दरवर्षी घ्यायची वस्तू नव्हे. सात-आठ लाख रुपये, कधी बारा लाख रुपये त्यात जातात. त्यांतले बरेचसे बँकेचे असतात आणि ते पाच-सात वर्षे फेडायचे असतात.

अशी ही मोटार दोन महिन्यांतच रस्त्यात बसली तर?

चाक पंक्चर झाले, दिवा गेला, काच खाली येईना, अशा किरकोळ गोष्टी सोडून द्या. त्या होतात आणि दुरुस्तही होतात. ह्या पाठात आपण मोठ्या बिघाडाविषयी बोलणार आहोत. इंजिन जाम होते. गिअरबॉक्स आतून तुटतो. गाडी तापून बंद पडते ती पुन्हा चालू होत नाही. अशा वेळी माणूस गोंधळतो. आधी घाबरतो, मग भांडतो, आणि शेवटी कंटाळून पुढे आलेल्या कागदावर सही करून मोकळा होतो. नेमकी तीच सही पुढे त्याला नडते.

गाडी दुरुस्त करणे हे मिस्त्रीचे काम आहे. ते आपल्याला येत नाही, आणि येण्याची गरजही नाही. पण कागद वाचणे हे आपले काम आहे. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. म्हणून हा पाठ.

इंजिन का जाते?

बैलगाडीच्या आखाला वंगण घालतात, हे तुम्ही पाहिले असेल. वंगण नसले की आख कुरकुरतो, तापतो आणि झिजतो. मोटारीच्या इंजिनातही तीच गोष्ट. पण बैलगाडीचे चाक सावकाश फिरते. मोटारीचे इंजिन हमरस्त्यावर मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे घेते. इंजिनाच्या तळाशी तेल साठवायचा चेंबर असतो. एक पंप तिथले तेल वर ढकलतो. फिरणाऱ्या भागांच्या मधे तेलाचा पातळ थर राहतो. तेल गळाले किंवा पंप बिघडला तर तो थर जातो. धातूवर धातू घासतो. थोड्याच वेळात दोन्ही भाग इतके तापतात की एकमेकांना धरून बसतात. मिस्त्री लोक म्हणतात, "इंजिन सीझ झालं."

दुसरे कारण उष्णता. इंधन जळते तिथे उष्णता होणारच. ती काढून नेण्यासाठी इंजिनाच्या आतल्या पोकळीतून पाणी फिरते. हे नुसते पाणी नसते. त्यात औषध मिसळलेले असते. त्याला कूलंट म्हणतात. ते पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये, जाऊन निवते आणि परत येते. आता, इंजिनाचे मुख्य भाग दोन. खालचा ब्लॉक आणि वरचे हेड. त्यांच्या मधे एक पातळ पत्रा असतो, तो गॅस्केट. इंजिन फार तापले की हेड वाकते आणि गॅस्केट फाटते. मग पाणी जिथे जाऊ नये तिथे जाते. मागच्या नळीतून पांढरा धूर येत राहतो. तेलाची पट्टी काढून पाहिली तर तेल दुधाच्या चहासारखे दिसते. ही खूण लक्षात ठेवा. ती पाहायला मिस्त्री लागत नाही.

आणखीही कारणे आहेत. काही गाड्यांत इंजिनाचा पट्टा तुटतो आणि आतल्या झडपा पिस्टनवर आपटतात. गिअरबॉक्सचे वेगळे, क्लचचे वेगळे. ती सगळी आपण इथे पाहत नाही.

ओळखायची ती दोन चित्रे. एक आहे तेलाच्या बुधलीचे, तिच्या चोचीतून थेंब पडतो आहे असे. दुसरे आहे पाण्यात उभ्या केलेल्या थर्मामीटरचे. ही चित्रे स्टिअरिंगच्या मागे दिव्यांच्या पाटीवर असतात. 'क' आणि 'ख' ओळखता तशी ती ओळखून ठेवा. पिवळा दिवा लागला तर गाडी दाखवून घ्यावी. लाल दिवा लागला तर गाडी थांबवावी. पुढच्या पंपापर्यंत नाही, पुढच्या गावापर्यंत नाही. जागा सुरक्षित दिसली की तिथेच. विजेवर चालणाऱ्या मोटारीत तेलाची बुधली नसते. तिथे बऱ्याच गाड्यांत कासवाचे चित्र दिसते. कासव दिसले म्हणजे गाडीची ताकद कमी झाली असे समजावे.

रस्त्यावर काय करावे

चालत्या गाडीत इंजिन बंद पडले तर ब्रेक आणि स्टिअरिंग एकदम जड होते. घाबरू नका. ब्रेक एकदाच, पण जोर लावून दाबा. पुन्हा पुन्हा सोडून दाबलात तर तो आणखी जड होतो. गाडी पूर्ण उभी राहीपर्यंत किल्ली काढू नका. किल्ली काढली की पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंगला कुलूप बसते.

गाडी डाव्या कडेला घ्या. चारही दिवे लुकलुकते करा. गाडीत लाल त्रिकोण असतो, तो मागे पन्नास पावलांवर किंवा त्याहून लांब ठेवा. माणसांना, विशेषतः पोरांना, गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर उभे करा. बंद गाडीत बसून राहणे फार धोक्याचे आहे. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते. झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येते. हात भाजलेली आणि डोळा गमावलेली माणसे ह्याच घाईची बळी असतात.

आणि गाडी पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. लोकांना वाटते, एकदा लागली तर घरी तरी पोचू. दुखावलेले इंजिन असे फिरवले की शंभराचे दुखणे लाखावर जाते. शिवाय उद्या कंपनी विचारणार, "दिवा लागल्यावरही तुम्ही गाडी चालवली ना?"

गाडी थांबवल्यावर लगेच दिव्यांच्या पाटीचा फोटो घ्या. त्यात दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत. कोणता दिवा लागला आहे, आणि गाडी किती किलोमीटर चालली आहे. फोटो काढला की वेळ आणि तारीख फोनमध्ये आपोआप नोंदली जाते. हा फोटो पुढे साक्षीदाराचे काम करतो.

गाडीसोबत जी पुस्तिका मिळते तिच्यात रस्त्यावरच्या मदतीचा क्रमांक असतो. पुष्कळदा तो काचेवरही चिकटवलेला असतो. त्याच क्रमांकावर फोन करा. गाडी दोरीने टोचन करून नेण्यापेक्षा सपाट क्रेनवर चढवून नेणे बरे. ऑटोमॅटिक गाडी तर क्रेनवरच चढवावी. नाही तर चाके फिरून गिअरबॉक्सही जायचा.

आता एका मुलाची हकिकत सांगतो. मुलगा म्हणजे माझा जुना विद्यार्थी. सातवीनंतर शाळा सुटली, पण हात हुशार. दहा वर्षे दुसऱ्याची टॅक्सी चालवली. २०२२ साली कर्ज काढून स्वतःची नवी गाडी घेतली आणि तीच भाड्याने चालवू लागला. दोन महिने झाले नाहीत तोच पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीच्या घाटात थर्मामीटरचा दिवा लाल झाला. मागून पांढरा धूर. ह्याने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. फोटो काढला. पाच मिनिटांत कुठून तरी एक फिटर आला. म्हणाला, "दादा, काही नाही, हेड उचलतो, गॅस्केट टाकतो. संध्याकाळपर्यंत गाडी तयार." गाडीत भाड्याची माणसे बसलेली. त्यांची घाई. पण हा पठ्ठ्या म्हणाला, "गाडीला कुणी हात लावायचा नाही." माणसांना दुसरी गाडी करून दिली आणि स्वतः दोन तास क्रेनची वाट पाहत बसला.

त्याने हे का केले, ते नीट समजून घ्या. तो फिटर वाईट माणूस होता असे मी म्हणत नाही. कदाचित चांगला कारागीरही असेल. पण कंपनीची हमी असलेले इंजिन बाहेरच्या माणसाने उघडले की कंपनी हात वर करते. म्हणते, "आमच्या कारखान्यातून गाडी बरोबर गेली होती, बिघडवली ती बाहेरच्याने." आणि ह्याला उत्तर देणे कठीण जाते.

जॉबकार्ड वाचा

गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये पोचली की तिथला माणूस एक कागद भरतो. ह्याला जॉबकार्ड म्हणतात. गाडीचा क्रमांक, किलोमीटर, तारीख आणि तुमची तक्रार त्यावर असते. आजकाल हा कागद संगणकावर भरतात आणि फोनवरही पाठवतात. खाली सहीची जागा असते. सगळ्या प्रकरणात ह्या कागदाइतका महत्त्वाचा दुसरा कागद नाही. कारण बिघाडाची पहिली लेखी नोंद तीच.

माझा विद्यार्थी तिथून मला फोन करून म्हणाला, "गुरुजी, जरा येता का? इथं इंग्रजीत काय काय लिहिलंय." मी गेलो. तिथला तरुण मोठा गोड बोलणारा होता. "सर, फक्त सही करा, गाडी आत घेतो." मी म्हटले, "अरे, आधी वाचू तर दे त्याला." मुलगा बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागला. 'ओव्हरहीट ड्यू टू लो कूलंट.' आता ह्या चार-पाच शब्दांत काय आहे ते पाहा. 'कूलंट कमी असल्यामुळे गाडी तापली.' गाडीचे बॉनेट अजून उघडलेले नव्हते. कूलंट कमी होते की पुरेसे होते, हे कोणीच पाहिले नव्हते. तरी कारण लिहून झाले होते. आणि कूलंट पाहणे हे मालकाचे काम धरले जाते. म्हणजे सही केली असती तर दोष मालकाने स्वतःच्या हाताने कबूल केला असता.

मुलाने सही केली नाही. आवाजही चढवला नाही. म्हणाला, "साहेब, मी सांगतो तसं लिहा. गाडी चालू असताना तापमानाचा लाल दिवा लागला. लगेच थांबवली. मागून पांढरा धूर. कूलंट अजून तपासलेलं नाही." अर्धा तास वाद झाला. शेवटी दुसरा कागद निघाला. मग त्याने सही केली आणि प्रत घेतली.

म्हणून सांगतो, तक्रारीच्या रकान्यात काय घडले तेवढेच असावे. का घडले, ते तपासणीनंतर लिहिले जाईल. आपण सांगितलेले शब्द तिथे आहेत का, हे पाहिल्याशिवाय सही करू नये. इंग्रजी वाचता येत नसेल तर वाचून घ्यावे, आणि अर्थ सांगणाऱ्याला पुन्हा विचारावे. तरीही ते बदलायला तयार झाले नाहीत तर सहीच्या वर मराठीत लिहावे, 'वरील कारण मला मान्य नाही.' मराठीत लिहिलेले चालते. आपण आपल्या भाषेत लिहिले म्हणून कोणी ते खोडू शकत नाही.

आणखी एक कागद असतो. दुरुस्ती होऊन गाडी परत मिळते तेव्हा 'काम समाधानकारक झाले' अशा अर्थाच्या मजकुरावर सही मागतात. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून पाहिल्याशिवाय ही सही देऊ नका. बिघाड घाटातला असेल तर एखादा चढ चढवून पाहा. शंका राहिली तर तसे लिहा. हे बोलायला मला सोपे आहे, हे मी जाणतो. समोर टाय लावलेला माणूस उभा असतो, मागे रांग असते, आणि आपल्याला गाडी घेऊन धंद्याला लागायचे असते. पण तिथे घालवलेली दहा मिनिटे पुढची दोन वर्षे वाचवतात.

गाडीच्या पोटात एक लहान संगणक असतो. बिघाड झाला की तो त्याची खूण नोंदवून ठेवतो. मिस्त्री एक यंत्र लावून ती वाचतो. तिची छापील प्रत मागून घ्या. कोणते भाग बदलले त्यांची यादी मागा. हमीतले काम फुकट झाले तरी बिलासारखा कागद निघतो, तोही घ्या. सगळे एका पिशवीत ठेवा. फोनवर बोलणे झाले तर त्याच दिवशी वहीत तारीख आणि बोलणाऱ्याचे नाव लिहून ठेवा.

हमी म्हणजे काय

वॉरंटी, म्हणजे हमी, ही गाडी ताब्यात आल्यापासून मोजतात. ती वर्षांत आणि किलोमीटरमध्ये सांगितलेली असते. समजा लिहिले आहे, 'तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते.' टॅक्सीवाल्याने दीड वर्षात लाख किलोमीटर केले तर त्याची हमी दीड वर्षातच संपली. टॅक्सीसाठी अटी वेगळ्याही असतात. त्या वाचून घ्या.

घासून झिजणारे भाग, जसे ब्रेकचे पॅड, वायपरची रबरे, क्लचप्लेट, बहुधा हमीत येत नाहीत. टायर आणि बॅटरीची हमी त्यांचे कारखाने वेगळी देतात. वेळेवर सर्व्हिसिंग केले नाही, बाहेरून गॅसचे किट बसवले, वायरी कापून दिवे लावले, तर हमी अडचणीत येते. नव्या गाडीला लगेच सतरा सोंगे लावायची हौस आपल्याकडे फार आहे. निदान हमीपर्यंत ती आवरावी.

पावसाळ्यात पाण्यात बुडालेली गाडी चालू करू नये. इंजिनात पाणी शिरलेले असते. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. पिस्टन वर येतो, पाणी त्याला अडवते आणि आतली दांडी वाकते. हा दोष कंपनीचा धरत नाहीत. साधा विमाही बहुधा त्याचे पैसे देत नाही. त्यासाठी इंजिनाचा जादा विमा वेगळा घ्यावा लागतो.

विम्याबद्दल अनेकांचा गैरसमज असतो, म्हणून सांगतो. साधा मोटार-विमा अपघात, चोरी, आग, पूर ह्यांसाठी असतो. यंत्र आपोआप बिघडले तर विमा कंपनी पैसे देत नाही. आणि बँकेचे काय? गाडी दारात असो की सर्व्हिस सेंटरमध्ये पडून असो, हप्ता चालूच राहतो. रागाने हप्ता थांबवू नका. बँकेचा त्यात दोष नाही, आणि थकबाकीदार म्हणून आपले नाव मात्र खराब होते.

गाडी घेताना मिळालेले विक्रीचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २१, जपून ठेवा. त्यावर गाडी कोणत्या महिन्यात आणि कोणत्या साली तयार झाली ते असते. चासी क्रमांक सतरा अक्षरे-अंकांचा असतो. तो वहीत उतरवून ठेवा. कधी कधी एकाच खेपेच्या अनेक गाड्यांत एकच दोष निघतो आणि कंपनी त्या परत बोलावते. ह्याला रिकॉल म्हणतात. अशी दुरुस्ती फुकट होते. आपली गाडी त्यात आहे का, हे चासी क्रमांकावरून कळते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीनुसार धोकादायक दोष असलेल्या गाड्या परत बोलावण्याचा हुकूम सरकारही कंपनीला देऊ शकते.

पुन्हा तोच बिघाड झाला तर

माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीचे हेड आणि गॅस्केट हमीत बदलून मिळाले. तीन आठवड्यांनी गाडी पुन्हा तापली. पुन्हा दुरुस्ती. महिन्याने तिसऱ्यांदा तेच. दर वेळी धंदा बुडाला, हप्ता मात्र भरावा लागला. बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या. तो म्हणाला, "गुरुजी, मला आता ही गाडीच नको. पैसे परत द्या म्हणावं."

त्याचे म्हणणे साहजिक होते. पण कायदा काय म्हणतो ते पाहू.

अमेरिकेत अशा सदोष नव्या गाडीला लोक 'लिंबू' म्हणतात. आपण गाडीला लिंबू बांधतो ते वेगळे! तिथे १९८२ साली कनेटिकट राज्याने ह्यासाठी खास कायदा केला, आणि मग इतर राज्यांनीही केला. तीन-चार वेळा दुरुस्ती करूनही तोच मोठा दोष राहिला, किंवा गाडी तीस दिवस दुरुस्तीतच पडून राहिली, तर पुष्कळ राज्यांत गाडी बदलून द्यावी लागते किंवा पैसे परत करावे लागतात. आपल्याकडे मोटारीसाठी असा वेगळा कायदा नाही. आपल्याकडे आहे तो ग्राहक संरक्षण कायदा. पहिला १९८६ चा. आता २०१९ चा, जो जुलै २०२० पासून अमलात आला.

ह्या कायद्याखाली आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत देण्याचा आणि भरपाई देण्याचा हुकूम करू शकतो. पण गाडी तापली की लगेच नवी गाडी, असे होत नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका मोटारीच्या खटल्यात सांगितले की हमीत सदोष भाग बदलून देण्याचे कबूल केले असेल, तर तेवढ्यावरून पूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. २०१० च्या दुसऱ्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने गाडी स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासून घ्यायला सांगितले, आणि मूळचाच दोष निघाला तर किंमत परत द्यावी असे ठरवले. म्हणजे प्रश्न येतो तो पुराव्याचा. दोष कारखान्यातलाच आहे, हे दाखवण्याचा भार आपल्यावर असतो. त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो. आणि तज्ज्ञाला पाहायला गाडी जशीच्या तशी लागते. ती घाटातल्या फिटरने उघडलेली नसली पाहिजे, आणि 'कूलंट कमी' असा कबुलीचा कागद आड येता कामा नये. आता पहिल्या दिवसाच्या त्या दोन नकारांची किंमत लक्षात येईल.

टॅक्सीवाल्यांना एक शंका असते. धंद्यासाठी घेतलेली गाडी ग्राहक कायद्यात येते का? स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच हे स्पष्ट केले आहे. पाच गाड्या घेऊन त्यावर ड्रायव्हर ठेवणाऱ्याची गोष्ट वेगळी.

आधी विक्रेता आणि कंपनी, दोघांनाही पत्र लिहावे. स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पावती जपावी. १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येते. तिथून कंपनीकडे तक्रार पोचवतात. पुष्कळ भांडणे तिथेच मिटतात. नाही मिटले तर जिल्हा ग्राहक आयोग. गाडीसाठी दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यातच होते. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, शोरूम दुसऱ्या गावचे असले तरीही. किंमत पाच लाखांपर्यंत असली तर फी नाही. दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असे नाही. सरकारच्या ई-जागृती ह्या संकेतस्थळावरूनही तक्रार भरता येते. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी.

तपासणी लागणाऱ्या तक्रारीचा निकाल शक्यतो पाच महिन्यांत लागावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्ष-दोन वर्षे सहज जातात. हे आधीच सांगितलेले बरे. म्हणून आयोगाने समेटाची वाट सुचवली तर ती लगेच झिडकारू नये.

ह्या मुलाचे समेटातच मिटले. समोरच्यांनी आधी 'चालकाने तापलेली गाडी दामटली' असा पवित्रा घेतला होता. मुलाने घाटातला फोटो, क्रेनची पावती आणि तीन जॉबकार्डे टेबलावर ठेवली. फोटोची वेळ आणि क्रेनला केलेल्या फोनची वेळ ह्यांत सहा मिनिटांचे अंतर होते. फोटोतले किलोमीटर आणि पहिल्या जॉबकार्डावरचे किलोमीटर एकच होते. मग बोलणे बदलले. नवे इंजिन, त्याची नव्याने हमी आणि बुडालेल्या धंद्याबद्दल काही रक्कम, असे ठरले. पैसे परत मिळाले नाहीत. तो त्यावर अजूनही थोडा नाराज आहे. पण गाडी चालू आहे, आणि बांगड्या सुटल्या आहेत.

पत्राचा नमुना

हे पत्र वहीत सुवाच्य अक्षरात उतरवा. गाळलेल्या जागी आपल्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीची माहिती भरा.

"प्रति, व्यवस्थापक, ............ (शोरूमचे नाव व गाव).
विषय : नव्या मोटारीतील वारंवार होणारा बिघाड.
महाशय, मी आपल्याकडून दिनांक ........ रोजी मोटार घेतली. तिचा नोंदणी क्रमांक ........ व चासी क्रमांक ........ आहे. दिनांक ........ रोजी ........ किलोमीटरवर गाडी चालू असताना ........ हा लाल दिवा लागला व गाडी बंद पडली. मी गाडी लगेच थांबवली. बाहेरच्या कोणीही ती उघडलेली नाही. आपल्याकडे आजवर ........ वेळा दुरुस्ती झाली. जॉबकार्डांचे क्रमांक ........ असे आहेत. तरीही तोच दोष कायम आहे. बिघाडाचे कारण मला लेखी कळवावे व पंधरा दिवसांत दोष कायमचा दूर करावा. तसे न झाल्यास मी ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. सोबत कागदांच्या प्रती जोडल्या आहेत. मूळ कागद माझ्याकडे आहेत.
आपला, ............ (सही, पत्ता, तारीख)."

वाचा व सांगा

१. 'ओव्हरहीट ड्यू टू लो कूलंट' ह्या नोंदीवर सही करायला मुलाने का नकार दिला?
२. लाल दिवा लागल्यावर घेतलेल्या फोटोत कोणत्या दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत?
३. तुमच्या ओळखीच्या कोणाकडे मोटार, रिक्षा किंवा ट्रॅक्टर असेल तर त्याची हमीची पुस्तिका मागून आणा. हमी कधी संपते ते शोधा आणि पुढच्या वर्गात सर्वांना वाचून दाखवा.